कडूबा मामांच्या गाडीतला बूस्टर

जुन्या जालन्यात महेमूदचं मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी, जळालेलं काहीही त्याच्याकडे यायचं. पण त्याचं नाव झालं ते व्होल्टेज वर चढवणाऱ्या बूस्टरमुळे. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की खेड्यापाड्यात व्होल्टेज दीडशेवर यायचं, बल्ब नुसता लाल दिसायचा, टीव्हीतलं चित्र आकसून जायचं. महेमूदनं स्वतःच्या हातानं गुंडाळलेला बूस्टर बसवला, की बटणाचा एकेक टप्पा वर नेत माणूस आपलं काम भागवायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याच्या दारात एक मॅटाडोर येऊन उभी राहिली. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. आतून कडूबा मामा उतरले. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी करून नुकतेच निवृत्त झालेले. महेमूदच्या गल्लीतच त्यांचं घर, त्यामुळे लहानपणापासून तो त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, मामी म्हणायचा.

"ये, माझं घर बघ," मामा म्हणाले.

मॅटाडोरमध्ये दोघांपुरता पलंग होता, शेगडीचा ओटा होता, भिंतीशी छोटा फ्रिज बसवला होता, पंखा होता. पलंगाच्या उशाशी फळीवर मामींचं वाफेचं मशीन होतं. मामींना दम्याचा त्रास. दिवसातून तीनदा त्या मशीनमधून औषधाची वाफ घेतल्याशिवाय त्यांचं भागत नसे.

"बत्तीस वर्षं दुनियेला फिरवलं," मामा म्हणाले, "पण हिला कधी इथल्या राजूरलासुद्धा नेलं न्हाई. सुट्टी मिळायची तवा हिचा दम उठलेला. आता गाडीच घर केलं. जिथं थांबू तिथं कुणाच्याही घरून एक वायर घ्यायची अन् राह्यचं. व्होल्टेजसाठी तेवढा तुझा बूस्टर बसवून दे."

महेमूदला ते काम फार आवडलं. त्यानं आठ दिवस दुसरं काहीच हातात घेतलं नाही. गाडीच्या मापाचा बूस्टर गुंडाळला. वीज कडाडली तर येणारा झटका गिळायला आत एक निळी चकती जोडली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाय-कट बसवला. गावातल्या मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज क्षणात वर चढतं, आणि बूस्टर जर वरच्या टप्प्यावर असेल तर घरातल्या वस्तूंना साडेतीनशेच्या आसपास बसतं. तेव्हा हाय-कटनं आपोआप वीज तोडायची.

"मामा, तुम्ही बटण खाली आणायला विसरलात तरी घाबरायचं काम न्हाई," त्यानं समजावून सांगितलं. "हा कट करतो."

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं शेवटची चाचणी घेतली आणि हाय-कटमधला वीज तोडणारा रिले फडफडायला लागला. टकटक टकटक. वीज येई, जाई, येई, जाई. आतली पत्तीच सदोष निघाली होती. नवा रिले औरंगाबादहून यायला दोन दिवस लागले असते.

बाहेर गल्ली जमली होती. मामी नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर राजूरच्या गणपतीसाठी घेतलेला नारळ होता. शेजारणीनं त्यांना ओवाळलंसुद्धा होतं. महेमूद आत एकटा होता. दोन दिवस थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण आठ दिवस त्यानं ज्याचं कौतुक सांगितलं होतं, तेच बिघडलंय हे सगळ्यांपुढे सांगायला त्याची जीभ उचलेना. त्यानं खिशातून वीतभर तांबडी तार काढली आणि रिलेला बगल देऊन दोन टोकं सरळ जोडून टाकली. टकटक थांबली. हिरवा दिवा लागला.

पंधरा दिवसांनी परत येतीलच, तेव्हा नवा रिले टाकू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"बराबर हाय ना?" मामांनी खिडकीतून विचारलं.

"बिलकुल बराबर, मामा."

गाडी गेली. बदनापूरला मामींच्या बहिणीकडे त्यांनी चार दिवस काढले, तिथून राजूरला गेले. गणपतीच्या देवळाजवळ एका पिठाच्या गिरणीमागं गाडी लावली आणि गिरणीवाल्याकडून वायर घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मामींनी वाफ घ्यायला सुरुवात केली. व्होल्टेज फारच कमी, म्हणून मामांनी बटण सगळ्यात वरच्या टप्प्यावर नेलं आणि ते पाणी भरायला नळावर गेले. तेवढ्यात शेतातल्या मोटारींची वेळ संपली आणि सगळ्या मोटारी एका दमात बंद झाल्या. वाफेचं मशीन घरघरलं, फुटलं, वायरीनं पेट घेतला, वायरीवरून पडद्यानं. मामा धावत आले आणि जळत्या पडद्यातून हात घालून त्यांनी मामींना ओढून बाहेर काढलं.

मामी वाचल्या. पण छातीत धूर गेला होता, जालन्याच्या दवाखान्यात अठरा दिवस राहावं लागलं. आवाज बसला तो बसलाच. मामांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत भाजली आणि बोटं आखडली.

महेमूदला ही खबर दुकानात कळली. हातातली मोटार त्यानं तशीच खाली ठेवली. दवाखान्यात गेला तर मामा बाहेरच्या बाकावर बसले होते, हाताला पट्ट्या. त्यांचा मुलगा काकासाहेब, परतूरला मास्तर होता, तो वडिलांना बोलत होता.

"म्हातारपणी हे काय सुचलं तुम्हाला? बटण कुठं ठेवायचं तेबी कळत न्हाई, अन् निघाले आईला घेऊन!"

मामा खाली मान घालून ऐकत होते. महेमूदला पाहून म्हणाले, "माझ्याच हातानं झालं रे. बटण उलटं फिरवलं असंल मी, न्हाई तर काय गडबड केली असंल. तुझ्या हातचं काम चुकत नसतं."

महेमूदला सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण काकासाहेब त्याच्याकडे बघत होता, दारातली नर्स बघत होती. "मामी कशा हायेत?" एवढंच तो विचारू शकला.

पुढच्या आठवड्यात मामांनी जळका बूस्टर पोत्यात घालून त्याच्या दुकानात आणून दिला. "उघडून बघ अन् मला सांग, मी कुठं चुकलो."

मामा गेल्यावर महेमूदनं पत्र्याचा डबा उघडला. गुंडाळी काळी पडली होती. निळ्या चकतीचा कोळसा झाला होता. ती एका झटक्यापुरती, लांबलेलं जास्त व्होल्टेज तिला सोसणारं नव्हतं. आणि त्या सगळ्या काळ्यात त्यानं जोडलेली तार जशीच्या तशी होती, दोन्ही पीळ घट्ट. त्यानं ती पक्कडीनं कापून काढली आणि गल्ल्याच्या खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी मामांना तो म्हणाला, "कॉइल जळाली, मामा. काही कळत न्हाई."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा जड गेलं. पहिलं घाईत निघालं होतं, हे त्यानं रात्रभर ठरवून बोललं होतं. त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. गिऱ्हाइकाला "झालं काम" म्हणताना त्याचा आवाज चोरटा होई. शेवटी त्यानं बायकोला, फरजानाला, सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "मामा को बोले क्या तुम?"

"न्हाई."

"मंग मेरे को काय को बोल रे?" असं म्हणून ती आत निघून गेली. त्या दिवसापासून ती मामींसाठी रोज सूप करून पाठवू लागली, पण महेमूदशी मात्र एक अक्षर बोलली नाही.

मामांनी गाडी चालवणं सोडलं. आतून काळवंडलेली मॅटाडोर दाराशी ताडपत्रीखाली उभी राहिली. मुलानं मोटारसायकल आणली, तर तिच्या हँडलला हात लावायलाही ते तयार नव्हते. ज्या माणसानं बत्तीस वर्षांत एक अपघात केला नव्हता, तो आता रस्ता ओलांडताना शेजाऱ्याचा हात धरू लागला.

एक दिवस मामींनी महेमूदला बोलावून घेतलं. मामा दवा आणायला गेले होते. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकेका शब्दाला थांबत बोलत होत्या.

"तुझं ऐकतेत ते. त्यांला सांग, मशीनच खराब होतं म्हणून. तुमच्या हातून काही झालं न्हाई म्हण. खोटं असलं तरी सांग. रोज रात्री उठून बसतेत रे, माझ्या छातीवर हात ठेवून श्वास मोजतेत."

महेमूदला वाटलं, ही आयती वाट मिळाली. खरं बोलायचं आणि ते खोटं समजलं जायचं. अंगावर काहीच येणार नाही, उलट चांगुलपणाच पदरात पडेल. मामा आल्यावर त्यानं तेच केलं.

"मामा, तुमची चूक नव्हती. बूस्टरमध्येच दोष होता."

मामा फिकट हसले. "हिनं सांगायला लावलं ना? राहू दे बाबा. तू चांगला हायेस म्हणून बोलून राह्यलास."

त्या "चांगला हायेस"नं महेमूदला बसवेना. तो उठला, दुकानात गेला, खणातली तार घेऊन परत आला आणि मामांच्या डाव्या हातावर ठेवली.

"ही तार मी जोडली होती. निघायच्या सकाळी. रिले खराब निघाला आन् मी हाय-कट बाद केला. तुम्ही बटण वर ठेवलं ते बराबर होतं. विसरला असता तरी काही झालं नसतं, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला. बूस्टर उघडला तेव्हा ही तार आतच होती. मी ती काढून लपवली."

मामींनी डोळे मिटून घेतले. मामांनी ती तार डाव्या हातात उलटसुलट करून पाहिली.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "खिडकीतून. विचारलं होतं का न्हाई?"

"विचारलं होतं, मामा."

"दोन दिवस थांबलो असतो. आम्हाला कुठं पळून जायचं होतं?" त्यांचा आवाज चढला नाही. "चार महिने झाले. पोरगं माझ्याशी बोलत न्हाई. हिच्या तोंडाकडं बघायला मला लाज वाटते. अन् तू रोज समोरून जातूस." मग दाराकडे बोट केलं. "जा आता."

संध्याकाळी काकासाहेब दुकानावर आला आणि वाटेल तसं बोलून गेला. गल्लीत गोष्ट पसरली. दोन-तीन गिऱ्हाइकं आपल्या मोटारी उचलून घेऊन गेली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. रात्री फरजानानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली, एवढंच.

पुढं दोन महिने मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मॅटाडोरवरची ताडपत्री मात्र निघाली. काकासाहेबानं आतलं जळकं बदलून घेतलं आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून नवा तयार बूस्टर आणून बसवला. मामी आता लांब जाऊ शकणार नव्हत्या, पण सोबत डॉक्टरची चिठ्ठी घेऊन चार दिवस अंबडकडे भावाच्या गावी जायचं ठरलं होतं.

एका दुपारी मामा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. महेमूद गडबडून उठला. मामांनी त्याला हातानं थांबवलं.

"माफी मागू नको. माफीसाठी आलो न्हाई मी." ते आत येऊन स्टुलावर बसले. "नव्या मिस्त्रीनंबी सांगितलं, बिलकुल फिकर करू नका. आता मी कुणाच्या सांगण्यावर गाडी काढणार न्हाई. हाय-कट चालतो का न्हाई, ते तपासायचं कसं, ते मला शिकव."

महेमूदनं मीटर काढला. व्होल्टेज कमी-जास्त करायची दुकानातली जुनी चाकाची पेटी काढली, एक बल्ब काढला. तीन दुपारी तो मामांना शिकवत होता. पेटीचं चाक हळूहळू वर न्यायचं, काटा अडीचशेच्या पुढं गेला की बल्ब विझला पाहिजे. विझला नाही तर गाडीत पाऊल टाकायचं नाही. मामा तपशील विचारत, तेवढ्यापुरतंच बोलत.

तिसऱ्या दिवशी, आत तशी एखादी तार जोडलेली नाही ना हे बघायला, नव्या बूस्टरचं झाकण मामांनी स्वतः उघडायला घेतलं. आखडलेल्या बोटांत पेचकस ठरेना, दोनदा घसरला. महेमूदचा हात आपोआप पुढं गेला.

"न्हाई," मामा म्हणाले. "मीच उघडतो."

त्यांना त्या चार स्क्रूंसाठी बराच वेळ लागला. महेमूद समोर मांडी घालून बसला होता. त्यानं घाई केली नाही, हात पुढं केला नाही, नजरही वळवली नाही. निघालेला एकेक स्क्रू मामा त्याच्याकडे देत होते आणि तो हरवू नये म्हणून महेमूद मुठीत धरून ठेवत होता.