वरून भरलेली जखम

कडबाकुट्टीच्या पात्यानं सारजाचा तळहात चिरला, टाके पडले, टाके निघाले आणि सणसर गावातल्या तिच्या सासरच्या घरात विषय मिटला. सारजाला मात्र मूठ वळेना. भाकरी थापताना दोन बोटं आकडलेलीच राहायची. ढोबळी मिरची तोडताना हातातून कात्री निसटायची.

"जखम तर भरलीय," नवरा सुयोग म्हणायचा.

"आतनं कुणी वढून धरल्यावानी होतंय, त्याचं काय?"

"हात लावू नगंस त्याला, उकलंल," सासू धोंडाबाई बजावायची. सारजानं महिनोन्‌महिने हात फडक्यात जपला.

एके दिवशी तिच्या हातून भरलेलं क्रेट निसटलं. मिरच्या चिखलात गेल्या. "अंग चोरतीया," सुयोग मजूर बायकांसमोर बोलला. सारजानं कात्री तिथंच टाकली आणि सासूला घेऊन बारामतीची एसटी धरली.

तिथल्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या उत्कर्षा मॅडमनी व्रणावर बोट दाबून पाहिलं. "कातडी वरून जुळलीय. पण बोटं ओढणाऱ्या ज्या दोऱ्या असतात ना, त्यांना व्रण आतून चिकटलाय. रोज तेलानं चोळायचा, बोटं ताणायची. तुम्ही लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं."

"मग टाकं काढताना कुणी सांगितलं का न्हाय?" सारजाचा आवाज चढला. "मी मूर्खागत गुंडाळून बसले!"

"सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात धोंडाबाईनं पदर बाजूला सारून कोपर पुढं केलं. भाजून आवळलेली कातडी. लग्न होऊन आल्यापासून सारजा तो वाकडा हात बघत होती. पदर धरायची सवय असेल, एवढंच तिला वाटलं होतं.

"गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस सांडला हुता, ल्हान हुते. ह्यो सुटंल का?"

"आजी, फार जुना आहे. चोळून मऊ पडेल, ओढ कमी होईल. सरळ व्हायला ऑपरेशन लागेल."

"मला बी घरच्या बायका हात लावू नगं म्हणाल्या हुत्या," धोंडाबाई पुटपुटली.

सारजाला सासूवर ओरडायचं होतं. पण तिनं मॅडमना, कोणतं तेल, एवढंच विचारलं.

पुढं रोज दुपारी ती तेलाची वाटी घेऊन ओसरीवर बसू लागली. चोळताना डोळ्यांत पाणी यायचं. बोटं हळूहळू, कुरकुरत वाकू लागली. कात्री धरता आली, पण घट्ट मूठ अजून वळेना. आता क्रेट सुयोग उचलायचा. धोंडाबाई शेजारी येऊन कोपर पुढं करायची.

"जरा हळू गं."

"हळू करून न्हाय सुटत," सारजा खेकसायची, आणि सासूच्या कातडीत अंगठा रुतवायची.