कोरडी लादी

मुलुंडच्या डोंगराखाली, मालनमावशीच्या डुकरांच्या शेडसमोर सारी वस्ती लोटली होती. कालपर्यंत तिच्या पिल्लांना पिवळ्या पाण्यासारखी हगवण होती, आज लादी कोरडी ठणठणीत! चिमूटभर अंगारा चाटवून भस्मेबाबांनी चमत्कार केला होता.

"बांधली रे बांधली!" बाबा त्रिशूळ आपटून गरजले. "आता उद्यापर्यंत पाण्याचा थेंब नको. बाधा पाण्यातूनच आत शिरते."

"काय पॉवर आहे ना यार!" शेजारचा विशाल मोबाईल उंचावून म्हणाला. हगवणीला गाठ मारता येते, ही नवीनच विद्या. मी कपाळावर हात मारला.

"मावशी, डॉक्टरला बोलवूया ना," मी म्हटलं.

"गप रे सुबोध, नाट लावू नकोस."

नवरा गेल्यापासून मावशीचं घर या डुकरांवर चालत होतं. पिल्लं पाण्याच्या पिंपाकडे सरकली, की ती त्यांना हातानं मागं ओढायची. "थांब रे सोन्या, उद्यापर्यंत कळ काढ." जुलाबात पाणी तोडायचं, हे आपल्याकडे जुनंच खूळ. बाबांनी त्याला फक्त अंगारा फासला.

सकाळी मी जनावरांच्या डॉक्टर श्वेता मॅडमना घेऊन आलो, तेव्हा एक सोडून सगळी पिल्लं मेली होती. गर्दीही पांगली होती, आणि बाबाही पसार झाले होते.

मॅडमनी एक पिल्लू फाडून दाखवलं. आतडी पिवळ्या पाण्यानं टम्म फुगलेली. "जुलाब थांबले नव्हते मावशी, आत अडकले होते. अंगातलं पाणी जंतूंनी आतड्यात ओढलं, आणि वरून प्यायला काहीच मिळालं नाही."

मग त्यांनी बाबांनी मावशीला दिलेली अंगाऱ्याची पुडी ताटलीत ओतली. राखेत पांढरा चुरा निघाला, आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा. त्यावर औषधाचं अर्धं नाव शाबूत होतं. "माणसांची लूज मोशनची गोळी. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. आतडं गप्प करते, जंतू मारत नाही."

मावशी खाली बसली. "म्हणजे तहानेनं गेली? पिंपाकडे यायची ओ मॅडम. मीच ओढत होते."

मला रडूच फुटलं.

उरलेलं पिल्लू मॅडमच्या औषधानं आणि मीठ-साखरेच्या पाण्यानं जगलं. ते प्यायला आलं, की मावशी हातातलं काम टाकून त्याचं पिऊन होईपर्यंत बघत राहते.

बाबा आता घाटकोपरला बसतो म्हणे. तिकडच्या लोकांनो, देवाला काय मागायचं ते मागा. पण आजारी जिवाला डॉक्टरकडे न्या, आणि तहानलेल्याला आधी पाणी द्या.