जांभळी चिठ्ठी

ऑर्विल टॅगर्टने ते प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेलं कॉमिक व्हर्नाच्या टेबलावर असं आपटलं की तिच्या कॉफीचा पेला कलंडला. आजूबाजूच्या चार टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डेटनमध्ये फायर ब्रिगेडच्या हॉलात जुन्या कॉमिक्सचा बाजार भरतो, आणि तिथे चार टेबलांनी ऐकलेली गोष्ट पाच वाजेपर्यंत अख्ख्या ओहायोला कळलेली असते.

"वाचा," ऑर्विल म्हणाला. "मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

पेटीवर जांभळी चिठ्ठी होती. जुन्या कॉमिक्सचा दर्जा ठरवून ती पेटीत बंद करून देणाऱ्या परीक्षकांनी त्यावर दोन शब्द छापले होते: कडा कापलेल्या.

या धंद्यात चुरगळलेलं चालतं, डाग चालतो, गंजलेली पिनसुद्धा चालते. कापलेलं चालत नाही. फाटकीतुटकी कड ब्लेडने साफ करून माल नवा म्हणून खपवणारे लोक असतात, आणि त्यांच्याशी कुणी धड बोलतही नाही. ऑर्विल आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. हे भुतांच्या गोष्टींचं कॉमिक त्याने नऊ वर्षांचा असताना औषधांच्या दुकानातून बारा सेंटला घेतलं होतं, आणि आपल्याशिवाय त्याला कुणाचा हात लागलेला नाही, हे तो याच हॉलात येईल त्याला ऐकवत आला होता. व्हर्नाकडे त्याने ते मार्चमध्ये दिलं, नुसतं दाबून सरळ करायला आणि मग परीक्षकांकडे पाठवायला. म्हणजे कापणारा दोघांतलाच एक होता, तो तरी नाहीतर ती.

व्हर्ना स्टोल्झच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ती हे काम करत होती. कॉमिक ओलाव्याच्या डब्यात ठेवून कागद सैल करायचा, मग गुळगुळीत कागदांत घालून गरम प्रेसखाली दाबायचं आणि प्रेसखालीच थंड होऊ द्यायचं. या बावीस वर्षांत तिने कुणाच्या पानाला ब्लेड लावलं नव्हतं, आणि हा म्हातारा तिला भर बाजारात चोर ठरवत होता. ती पण मग काय गप्प बसते? तिने सगळ्यांसमोर ऑर्विलला सुनावलं, की लहानपणी तुम्हीच कात्री चालवली असेल आणि आता विसरला असाल, वयच झालंय तुमचं. ऑर्विलचे कान लाल झाले.

"माझ्याकडे आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत. खाली मोजपट्टी ठेवून काढलेले," ती म्हणाली. "तासाभरात आणते आणि तुमच्या तोंडावर मारते. जाऊ नका कुठे."

गाडीत बसल्यावरही तिचं तोंड चालूच होतं. घरी आली तर नवरा, लायल, तळघरात रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत प्रेस पुसत होता. तिच्या मनगटाचे सांधे धरल्यापासून प्रेस चालवणं, फोटो काढणं, पार्सल करणं हे सगळं त्याच्याकडे होतं. तिने काय झालं ते त्याला तावातावाने सांगितलं आणि कॉम्प्युटर उघडला. लायलने रेडिओ बंद केला. डाव रंगात असताना लायल रेडिओ कधी बंद करत नाही, पण हे तिच्या नंतर लक्षात आलं.

आधीच्या फोटोत मधलं पान उघडं होतं, खाली मोजपट्टी होती, आणि चित्राच्या चौकटीबाहेर बारीकशी कोरी जागा होती. नंतरच्या फोटोत मोजपट्टीच नव्हती. चौकट थेट कागदाच्या कडेला टेकली होती. व्हर्नाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"लायल," ती म्हणाली, "मोजपट्टी कुठाय?"

मग सगळं बाहेर आलं. तो लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, शुक्रवार होता. व्हर्नाने दुपारी ऑर्विलचं कॉमिक ओलाव्याच्या डब्यात ठेवलं आणि चर्चच्या जेवणासाठी मासे तळायला गेली. डब्यावर गजराचं घड्याळ ठेवायचा नियम तिचाच, आणि त्या दिवशी ती ते लावायला विसरली. दोन तास ठेवायचं ते सात तास राहिलं. लायलने संध्याकाळी उघडलं तर कागद ओलाचिंब. त्याने तसंच प्रेसमध्ये घातलं. थंड झाल्यावर मुखपृष्ठ आखडलं होतं, आणि आतली पानं त्याच्याबाहेर डोकावत होती. ही चूक या कामातल्या कुणालाही दुरून ओळखता येते. म्हणून त्याने बाहेर आलेली पानं ब्लेडने मुखपृष्ठाबरोबर केली.

"तू तेलाच्या वासानं मळमळत घरी आलीस, हात दुखत होते. डब्यातून वेळेवर काढलंस का विचारलंस, मी हो म्हटलं," लायल म्हणाला. "तुझं नाव जाऊ नये म्हणून केलं गं. परीक्षकांना कळेल असं वाटलं नव्हतं."

व्हर्नाने त्याला नाही नाही ते ऐकवलं. शेण खाल्लंस म्हणाली, बावीस वर्षं मातीत घातलीस म्हणाली, बैल म्हणाली. बोलता बोलता तिला अचानक थांबावं लागलं, कारण ते घड्याळ तिथेच डब्यावर होतं आणि तिला समोर दिसत होतं. स्वतःचा इतका संताप तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता. घरात कुणी ऐकणारं नव्हतं, फोटो पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराचीही तिला चीड आली.

"कापलेलं काय केलंस?"

लायलने प्रेसखालच्या खणातून पाकीट काढलं. आत दोऱ्यासारख्या बारीक, पिवळट कागदाच्या पट्ट्या होत्या. फेकायचा धीर झाला नाही म्हणाला.

"कोट घाल," व्हर्ना म्हणाली. "तू पण येतोयस."

हॉलात ऑर्विल तिच्याच टेबलापाशी खुर्चीवर बसून होता, पेटी मांडीवर घेऊन. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. तासाभरात त्याची ही गत झाली होती, आणि ती व्हर्नाच्याच जिभेने केली होती. तिने पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि उभ्यानेच, खालच्या आवाजात सगळं सांगितलं. गजर, मासे, आखडलेलं मुखपृष्ठ, ब्लेड. मघाशी मी बोलले ते खोटं होतं, तुमच्याशी फार वाईट वागले, हेही सांगितलं. भरपाईचं बोलायला लागली तेव्हा ऑर्विलने हात वर केला.

त्याने एक पट्टी बोटावर घेतली. त्यावर निळ्या शाईचा ठिपका होता, कुठल्यातरी भुताच्या बाहीचा.

"पानं बाहेर आलेली तशीच ठेवली असती," तो म्हणाला, "तर लोक म्हणाले असते, व्हर्ना चुकली. माझ्यावर काही आलं नसतं. ती चूक लपवायला तुम्ही कापलं आणि लबाड मी झालो."

लायल रडकुंडीला आला.

ऑर्विलने पट्ट्या पुन्हा पाकिटात भरल्या, पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं आणि उठला. पेटी मात्र त्याने तिच्या टेबलाच्या मधोमध, चिठ्ठी लोकांकडे करून, उभी केली.

"हे इथेच राहील. दर महिन्याला. विचारेल त्याला सांगायचं, कुणी कापलं ते."

तो गेला. जाताना त्याला कुणी नमस्कार केला नाही, कारण अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत आलं. जाडजूड माणूस, हातात डोनट धरलेला. त्याने चिठ्ठी वाचून तोंड वाकडं केलं आणि विचारलं, हे कुठल्या भामट्याचं काम?

लायलने व्हर्नाकडे पाहिलं. तिने सांडलेली कॉफी पुसायला घेतली.

"माझ्याकडे काय बघतोस," ती म्हणाली. "आधी तू सांग. मग घड्याळाचं मी सांगते."