आह्तीनं होकार दिला म्हणे

माझा नवरा आह्ती म्हणजे फिनलंडचा भालाफेकीतला विजेता. त्यामुळे त्याचं नेमकं कुठं चुकतं, हे आमच्या गावात प्रत्येक पुरुषाला ठाऊक. ज्यानं भाला फक्त टीव्हीवर पाहिला, तोही दुकानाच्या रांगेत उभा राहून आह्तीच्या कोपरावर भाषण ठोकायचा. कोपर मात्र एकट्या आह्तीचं. शेवटी शेवटी त्याला उजव्या हातानं कॉफीचा कपही उचलवेना. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आणखी एक मोसम फेकलात तर हात कायमचा जाईल.

"शनिवारी क्लबात सांगून टाकतो," आह्ती म्हणाला. क्लबात म्हणजे क्लबच्या सौनात. आमच्याकडं महत्त्वाचं सगळं तिथंच ठरतं. उघड्या अंगानं, वाफेत बसून, आणि शक्यतो न बोलता.

घरी आला तो खुशीत.

"झालं एकदाचं. अध्यक्ष पावोलानं विचारलं, यंदा स्वीडनविरुद्धच्या सामन्यात उतरणार ना? मी काहीच बोललो नाही."

"मग?"

"मग काय? समजले ते."

समजलेच. सोमवारच्या पेपरात संघ जाहीर झाला आणि त्यात आह्तीचं नाव पहिलं. क्लबचे अध्यक्ष पावोला मला रस्त्यात म्हणाले, "तुझा नवरा भला माणूस. एका शब्दानं 'नाही' म्हणाला नाही."

पेपरात नाव आल्यावर माघार घेईल तो आमच्याकडचा कसला? इंजेक्शन टोचून घेतलं आणि उतरला. शेवटच्या फेकीत त्यानं स्वीडिश पोराला मागं टाकलं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. आह्तीनं डावा हात हलवला, कारण उजवा वर होतच नव्हता. लोक म्हणाले, किती साधा माणूस.

त्या शनिवारी क्लबात मोठा थाट. आम्ही बायका बाहेर सॉसेज भाजत होतो. आतून पावोलांचा आवाज आला, "मग, पुढच्या वर्षीही?"

त्यावर शांतता. माझा नवरा पुन्हा एकदा ठणकावून नकार देत होता.

मी चिमटा खाली ठेवला आणि अंगातल्या कोटासकट, पायातल्या बुटांसकट आत शिरले. पुरुष सौनात असताना बाई आत गेल्याचं गावात कुणी ऐकलेलंही नव्हतं.

"हा यापुढं फेकणार नाही. हाताची आधीच वाट लागलीय. उरलाय तेवढा मला हवाय."

सगळे आपापल्या गुडघ्यांकडं बघत बसले. आह्तीनं मात्र मान हलवली. चक्क हो म्हणून, सगळ्यांना दिसेल अशी. मला तो तेव्हा इतका आवडला की रडूच येणार होतं.

"बरं," पावोला म्हणाले. "दार लाव. वाफ जातेय."