सोळा नवरदेवांचा क्लच

बन्सीची लाल गाडी चार वर्षांत जेमतेम एकशे नव्वद किलोमीटर चालली आणि तिचा क्लच संपत आला. फकिरा मिस्तरीनं काट्याजवळचा आकडा पाहिला, पुन्हा एकदा गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "शर्यती लावता काय हो?"

"शर्यत?" बन्सी म्हणाला. "दुसऱ्या गिअरच्या वर मी कधी गेलोच नाय."

"मग एवढा जाळला कुठं?"

"परण्यात."

मिस्तरीनं कपाळावर हात मारून घेतला. त्याला जास्त सांगावं लागलं नाही, वाचकांना सांगतो. लग्न लागण्याआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्या भागात परण्या म्हणतात. पूर्वी तो घोड्यावर निघायचा. बन्सीनं वर उघडी, बुटकी, दोनच माणसांची विलायती गाडी घेतल्यापासून आमच्या गावातला एकही नवरदेव घोड्यावर बसायला तयार नाही. वेशीपासून मारुतीपर्यंत अंतर अर्धा किलोमीटर. समोर पोरं नाचतात, त्यामुळं वेळ अडीच तास. तेवढा वेळ बन्सीचा डावा पाय क्लचवर अर्धा दाबलेला. गाडीतून जळका वास यायचा तेव्हा लोक म्हणायचे, फटाके भारी आणलेत.

आमचं गाव जळगाव रस्त्यावर, सावंगीच्या थोडं पुढं. समृद्धी महामार्गात गावाची वावरं गेली आणि पैसा आला. कुणी बंगला बांधला, कुणी दोन बांधले. बन्सीनं ही गाडी घेतली. बन्सी माझा विद्यार्थी. त्याला गणितात मी पास केलं, तो झाला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पण गाडीचा त्याचा हिशेब सरळ होता. मोजणीवाल्यांनी वावरात दगड रोवले त्या दिवशी त्याची बायको वच्छलाबाई म्हणाली होती, "रस्ता आपल्या वावरातून नेतेत ना, मग एकदा मला त्याच्यावरून ने. जीपमधून नको. वाऱ्यागत ने."

चार वर्षं झाली, वच्छलाबाई त्या गाडीत बसल्या नव्हत्या. शेजारच्या सीटवर सोळा नवरदेव बसून गेले, त्यांतला एक तर दुसरेपणाचा. बन्सीनं महामार्गाचं नाव काढलं की भावकीतलं कुणीतरी यायचं. "बन्सी, परवा आमचं लग्न हाय. गाडी पळवून क्लच घालवू नको. हळू चालव, सांभाळून वापर." आणि बन्सीला नाही म्हणता यायचं नाही.

इथं भावकीची चूक होत होती. ओट्यावर येणाऱ्या पोरांना मी क्लच समजावला तो असा. दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबा. एक तळवा इंजिनाचा, एक चाकांचा. घट्ट असले की दोन्ही बरोबर फिरतात आणि काही झिजत नाही, गाडी कितीही पळू द्या. आता तळवे सैल धरून घासा. चौथीतली मुलगी लगेच म्हणाली, "गुरुजी, भाजलं." तिला अर्धं मिनिट लागलं. भावकीला चार वर्षं पुरली नव्हती.

मिस्तरीनं सांगितलं, नवा क्लच परदेशातून येणार, गाडी महिनाभर पुण्यात राहणार. वैशाख चालू होता आणि भावकीत तीन लग्नं उरली होती. मारुतीपुढं बैठक बसली. बन्सीचा चुलतभाऊ काकासाहेब याच्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर, सगळ्यात आधी. तो म्हणाला, "आमचं झालं की बदल."

"आन् मग आम्ही काय बैलगाडीत काढायचा परण्या?" सोनाजी म्हणाला. त्याच्याकडचं लग्न पंधरा दिवसांनी होतं.

"तुमच्याकडं मंडप तरी ठरलाय का?" कडूबानं विचारलं. त्याच्याकडचं लग्न सगळ्यात शेवटी होतं, म्हणून त्याचं मत पडलं की क्लच आजच बदलावा, म्हणजे त्याच्या तारखेला नवाकोरा मिळेल.

दोन तास क्लचच्या नात्यागोत्याची मोजदाद झाली. कुणाचा आजोबा सख्खा, कुणाचा चुलत, यावर क्लच किती टिकेल हे ठरू लागलं. शेवटी फकिरा मिस्तरीला बोलावलं.

"हँडब्रेक लावून, गिअर टाकून क्लच सोडून बघितला," तो म्हणाला. "एकदा इंजिन बंद पडलं, म्हणजे क्लच धरतो. एकदा चालूच राहिलं, म्हणजे घसरतो. आता एकच खरी परीक्षा हाय. मोकळ्या रस्त्यावर सहावा गिअर टाकायचा आन् ॲक्सिलेटर दाबायचा. इंजिनाचा काटा वर गेला आन् वेगाचा जागीच राहिला, की समजायचं खलास."

"सहावा?" बन्सी म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मी त्याच्याकडं पाहिलं. सातवीत निकाल ऐकताना तो असा दिसायचा.

"बन्सीनं रस्ता बघायचा," मिस्तरी म्हणाला, "काटे दुसऱ्यानं बघायचे. सीट एकच हाय."

"माझा पोरगा बसंल," काकासाहेब म्हणाला.

"म्हंजी काटा खाली गेला काय आन् वर गेला काय, क्लच पासच!" सोनाजी उसळला. "माझा भाचा बसंल."

मिस्तरीनं हात वर केला. "ज्याच्या घरात लग्न हाय त्यानं बसायचं नाय. आन् माणूस खरं बोलणारा पायजे."

पहिल्या अटीत तीन घरं गळाली, दुसरीत उरलेली. मग सगळ्यांना जी आठवली तिचं नाव कुणी घेईना. वच्छलाबाई गावातलं दूध संकलन केंद्र चालवतात. फॅटचं मशीन जे दाखवील ते त्या मोठ्यानं वाचतात, मग समोर दीर असो की सरपंच. मागच्याच महिन्यात रांगेत त्यांनी काकासाहेबाला विचारलं होतं, "भाऊजी, पाणी म्हैस पिते का कॅन?"

नाव मीच घेतलं. "पोरांनो," मी म्हणालो. पन्नाशीतली असली तरी ती माझी पोरंच. "प्रयोगाला साक्षीदार चांगला लागतो. आणि नोंद एकदा घेऊन चालत नाही, तीनदा घ्यावी."

काकासाहेब कुरकुरला, "बाईमाणूस उघड्या गाडीत?" पण यापेक्षा सोनाजीच्या भाच्यानं बसणं त्याला जास्त खुपत होतं. ठराव पास झाला.

पुढचं मला वच्छलाबाईंनी केंद्रावर, कॅन धुता धुता सांगितलं.

सकाळी आठला दोघं सावंगीला महामार्गावर चढली. वच्छलाबाईंनी पदर दोनदा कमरेला खोचला. बन्सीनं तिसरा टाकला, चौथा टाकला, पाचव्याला त्याला हसू फुटलं. सहावा पडला आणि त्या म्हणाल्या, "दाबा आता." बन्सीनं दाबला. इंजिनाचा काटा उडी मारून वर गेला. वेगाचा ऐंशीवरच बसून राहिला.

"काय म्हनतो?" बन्सीनं विचारलं.

"खलास म्हनतो. गुरुजींनी तीनदा सांगितलंय. पुन्हा दाबा."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. परीक्षा संपली. आता परत फिरायचं, एवढंच काम उरलं होतं. बन्सीनं पाय सैल सोडला, गाडी आपल्या चालीनं पळत राहिली. वारा एवढा होता की दोघांना ओरडून बोलावं लागत होतं.

"अहो, आपलं वावर कुठंय?"

"मागं गेलं."

"कधी?"

"तू काटे बघत व्हतीस तवा."

वच्छलाबाईंनी मान वळवून मागं पाहिलं. ज्या वावरात त्यांनी बावीस वर्षं खुरपणी केली, ज्यातली पिकाची एक ओळ खुरपायला सकाळ पुरायची नाही, ते काट्यांकडं बघता बघता निघून गेलं होतं.

"पुन्हा दाखवा," त्या म्हणाल्या.

पुन्हा दाखवायचं तर पुढच्या फाट्यावर उतरून वळायला हवं. गाडी तिथवर पळत गेली. फाट्यावर टोलची रांग होती. पुढं ट्रक, त्यापुढं ट्रक. थोडं पुढं, थांब. थोडं पुढं, थांब. बन्सीचा पाय सवयीनं क्लचवर अर्धा टेकला. चार वर्षांची सवय. तिसऱ्या वेळी इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. जळका वास आला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

गाडी उचलून नेणारा ट्रक दुपारी आला. त्यानं लाल गाडी पाठीवर घेतली, साखळ्या बांधल्या. "ताई, केबिनमध्ये बसा," ड्रायव्हर म्हणाला.

"मी गाडीत बसलेय ना," वच्छलाबाई म्हणाल्या.

"वर बसता येत नाय."

"वावर दावायचं राहिलंय यांनी. वरून बेस दिसंल."

ड्रायव्हरनं बन्सीकडं पाहिलं. बन्सीनं आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला हो म्हणायची सवय मोडली. "बसू द्या तिला," तो म्हणाला आणि स्वतः केबिनमध्ये चढला. वावर आलं तेव्हा त्यानं ड्रायव्हरला सांगून ट्रक अगदी हळू करायला लावला. वच्छलाबाईंनी काय पाहिलं ते मला सांगितलं नाही. एवढं सांगून कॅन मात्र बराच वेळ धूत राहिल्या.

वेशीवर काकासाहेब मुलाला घेऊन उभा होता, मागं सोनाजी आणि कडूबा. मीही होतो. ट्रक थांबला.

"वहिनी, काय निघालं?" काकासाहेबानं खालून विचारलं.

"तीनदा बघितलं, भाऊजी. तिन्ही वेळा खलास."

"मग आमच्या पोराचं काय?"

"पाय चांगलेत त्याचे. मारुती अर्ध्या किलोमीटरवर हाय."

नवरदेवानं मान खाली घातली. सोनाजी हसला, मग आपलीही तारीख जवळ आहे हे आठवून त्यानं हसू आवरलं.

"अरे बन्सी, ढकलत तरी नेऊ!" काकासाहेब ओरडला. "इंजिन बंद ठेवून. आठ दिवस तर हायेत. त्यानंतर पुण्याला धाड ना."

ड्रायव्हर वाकून बन्सीला म्हणाला, "बोला, इथं उतरवू का पुढं न्यायची?"

बन्सी केबिनमधून उतरला. सगळ्यांना वाटलं साखळ्या सोडतो. तो ट्रकच्या पाठीवर चढला, लाल गाडीचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागं बायकोशेजारी बसला.

"पुण्याला," तो म्हणाला.