तिसऱ्या खेपेचा भार

हृदय-संशोधन केंद्रात अकराच्या सुमारास या कुटुंबाचा नंबर लागला आणि आत तिघे आले : निवृत्त मुख्याध्यापक सासरे, सासूबाई आणि नवरा. जिच्या छातीच्या स्कॅनवरून संगणकात हृदयाची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती, ती सून बाहेर बाकावर.

"तिला कशाला उगीच घाबरवायचं," सासूबाई म्हणाल्या.

संशोधक बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर सुनेचे हृदय चालले होते. दुसऱ्या बाळंतपणाने पातळ केलेली डावी भिंत जेमतेम आकसत होती. घरात दोन मुली होत्या, म्हणजे घराण्याच्या हिशेबी कुणीच नव्हते. तीन पिढ्यांत ज्या वंशाने एका हजेरीपटापलीकडे काही मागे ठेवले नाही, तो बुडण्याची सासऱ्यांची धास्ती मात्र प्रामाणिक होती.

"तिसऱ्या खेपेचा भार टाकून बघितलात?" त्यांनी विचारले.

"शंभर वेळा. एकसष्ट वेळा दिवस भरण्याआधीच हृदय बंद पडतं."

सासऱ्यांनी क्षणात वजाबाकी केली. "म्हणजे एकोणचाळीस वेळा तगते. आम्ही पस्तिसाला पास करायचो, बाई."

नवऱ्याने मोबाइलमधून डोके काढले. "औषधं वाढवून परत चालवा ना, मॅडम. एकोणचाळीसचे थोडे वाढतील."

इतकी वर्षे बाईंना वाटे, माणसांना आकडे कळत नाहीत. यांना ते नीट कळले होते. त्या उठल्या, दार उघडून सुनेला आत बोलावले आणि पडद्यासमोर बसवून सगळे सांगितले, एकसष्टसकट.

सुनेने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवले. "त्या एकसष्ट वेळा माझ्या मुलींना कोण बघतं?"

"आम्ही आहोत की," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही मलाच बाहेर बसवलंत, आई."

"घरी जाऊन बोलू," नवरा पुटपुटला.

"घरी तुम्हीच बोलता. मला तिसरं नको. नसबंदी तुम्ही करून घ्या; तुमचं हृदय ठणठणीत आहे. तोवर मी मुलींच्या खोलीत झोपणार."

सासूबाई ताडकन उठल्या. "अगं, त्याला काही झालं म्हणजे?"

कुणाच्या तरी जिवाची काळजी त्या खोलीत तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवली गेली.