एल्म ग्रोव्हमधली मागची खोली

बहारीनमध्ये मनामा शहराच्या दक्षिणेला, सनद गावाच्या पुढे, तेव्हा एल्म ग्रोव्ह नावाची एक वसाहत होती. एल्म हे विलायती झाड. तिथे ते एकही नव्हते आणि त्या रेताड जमिनीत ते जगलेही नसते. पण तिथल्या तेलकंपनीच्या पहिल्या साहेबाचे बालपण लंडनबाहेरच्या एका उपनगरात गेले होते आणि त्याला वाळवंटातही तेच उपनगर हवे होते. म्हणून उतरत्या लाल छपरांचे बंगले उठले, टँकरच्या पाण्यावर हिरवळ वाढली, कुंपणाला कण्हेर लागली. साहेबांना पुढचे फाटक आणि हिंदी नोकरांना मागची गल्ली, हा नियमही तेव्हाचाच. पुढे देश स्वतंत्र झाला, साहेबलोक एकेक करून परतले आणि त्यांच्या बंगल्यांत आपली माणसे राहायला आली. नियम मात्र कोणी मोडला नाही.

विलास खानोलकर अशाच एका बंगल्यात राहत. मूळचे वेंगुर्ल्याचे, कंपनीत अकाउंटंट. थोरला भाऊ दत्ताराम याने होडीवर राबून त्यांना मुंबईत शिकवले होते. दत्ताराम गेला तेव्हा त्याची बायको मालू एकटी उरली. विलासरावांनी तिला बहारीनला आणले आणि गावाने त्यांचे तोंडभरून कौतुक केले. व्हिसावर ‘हाउसमेड’ लिहिलेले होते. तेव्हा विलासरावांनी तिला समजावले होते, "लिवचा लागता म्हणान लिवला, वयनी. घरात तू वयनीच." मुहर्रकच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तो शब्द विचारला, तेव्हा शिकवल्याप्रमाणे मालूने मान हलवली.

बंगल्यात पाहुण्यांची खोली होती, पण तिथे कधीमधी पाहुणे येत. मालूला दिली ती मागच्या अंगणातली खोली. साहेबांनी नोकरांसाठी बांधलेली, पत्र्याची, बिनपंख्याची. उन्हाळ्यात मालू ओली चादर अंगावर घेऊन पडे. स्वयंपाक, धुणी, इस्त्री सगळे तिच्याकडे आले. विलासरावांची बायको अरुणा मुंबईची, शिकलेली. ती कधी आवाज चढवत नसे. फक्त एवढेच सांगे, की चारचौघांत पुढच्या फाटकाने येऊ नका वहिनी, इथल्या सोसायटीत बरं दिसत नाही. मालू मागच्या गल्लीने जाई, येई. घरची माणसे वहिनी म्हणतात, या एका शब्दावर ती दिवस काढत होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीला अरुणाने हळदीकुंकू केले. तिळगूळ मालूने वळले, फराळ मालूने केला, रांगोळीही मालूनेच काढली आणि बायका यायच्या आधी तिला स्वयंपाकघरात जायला सांगितले. मनाम्याहून मोटारींतून मराठी बायका आल्या. शेजारच्या हार्डिंगबाईंना मुद्दाम बोलावले होते. या म्हाताऱ्या इंग्रज बाई मुलाच्या नोकरीमुळे अजून वसाहतीत होत्या. अरुणाने त्यांना सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसवले, हळदीकुंकू लावले, ओटी भरली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

हार्डिंगबाई खुलल्या. वसाहतीच्या जुन्या गोष्टी सांगू लागल्या. ही कण्हेर त्यांच्या यजमानांनी लावली होती. ते आता मनाम्याच्या दफनभूमीत आहेत, बरीच वर्षं झाली, असे त्या सहज बोलून गेल्या.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सुनंदा कारखानीस, विलासरावांच्या वरिष्ठांची बायको, मराठीत म्हणाली की नवरा गेलेला असला तरी त्यांच्यात चालतं हो सगळं. मग हसू फुटले आणि वेळ निभावली. हार्डिंगबाईंना त्यातले काही कळले नाही. त्यांनी मागच्या खोलीचा विषय काढला. तिथे पंखा मुद्दाम ठेवला नव्हता, नाहीतर नोकर दुपारचे लोळत पडतात, असे त्या गमतीने म्हणाल्या. अरुणाही हसली. आता तिथे कोण असतं, असे त्यांनी विचारले.

अरुणाने इंग्रजीत उत्तर दिले, "अवर मेड."

मालूला इंग्रजी येत नव्हते. व्हिसावरचा हा एक शब्द मात्र तिला येत होता. ती स्वयंपाकघराच्या दाराआडून बाहेर आली आणि चहाचा ट्रे खाली ठेवला.

"अरुणा, ह्या बायेचो घोव मेललो. तिका तू कुंकू लावलंस, बरा केलंस. आता माका लाव. नायतर सगळ्यांसमोर सांग, मी ह्या घरात कोण?"

अरुणाने करंड्याचे झाकण लावले. हार्डिंगबाईंनी विचारले, हिला काय हवंय? सुनंदा आपल्याकडे पाहते आहे, हे अरुणाला दिसत होते. "शी वॉन्ट्स लीव्ह," ती म्हणाली.

लीव्ह म्हणजे रजा, हे बहारीनमध्ये राहणाऱ्या कोणालाही कळते.

"होय," मालू म्हणाली. "माका लीव व्हयी."

ती बायकांच्या मधून चालत गेली, रांगोळी ओलांडली आणि पुढच्या फाटकाशी जाऊन बसली. विलासराव येईपर्यंत ती हलली नाही. विलासरावांनी तिच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या. सुनंदाताईंच्या घरी जाऊन माफी मागायची, नाहीतर व्हिसा कॅन्सल, खलास. आपली चूक झाली असे एकदा तरी त्यांच्या मनात आले असेल का? मला नाही वाटत.

मालूने माफी मागितली नाही. निघायच्या दिवशी तिने आपली ट्रंक स्वतः उचलली आणि पुढच्या फाटकाने बाहेर आणली. मोटारीत बसण्यापूर्वी ती अरुणाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते फार लागले.

"त्या खोलयेत एक पंखो लावन घे गो. उद्या थंय कोणाक ऱ्हवाचा लागात, सांगाक येना नाय."

वेंगुर्ल्याला विलासरावांचे पत्र तिच्या आधी पोचले होते. वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये, असे त्यात होते. गावाने त्यावर विश्वास ठेवला. एवढा शिकलेला माणूस खोटे कशाला लिहील?

पुढे विलासरावांच्या छातीत एकदा दुखले. इस्पितळातून ते बरे होऊन परतले, पण ते तिथे होते त्या रात्री अरुणा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मागच्या खोलीकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिने इलेक्ट्रिशियनला बोलावले. तो आला, तेव्हा तिने त्याला दिवाणखान्यातला दिवा दुरुस्त करायला सांगितले आणि परत पाठवले.

पंखा शेवटपर्यंत बसला नाही. वाचकहो, तुमच्या घरातल्या मागच्या खोलीत एकदा डोकावून पाहा, तिथे कोण राहते आणि परक्यांसमोर तुम्ही तिला काय म्हणता.